बाबिर्येच्या माइकमधली बेचाळीस मिनिटं

बुकासा बेट
१२ एप्रिल २००४

मुकीबी,

होडीवाला पाण्यात पाय सोडून बसलाय आणि दर दोन मिनिटांनी "झालं का, मास्तरीणबाई?" म्हणून ओरडतोय, तेव्हा थोडक्यात लिहिते. तू बरा आहेस ना? मावशीचे गुडघे कसे आहेत? की आईची चौकशी करायलाही तुला तुझ्या त्या तारांच्या गुंत्यातून सवड मिळत नाही?

बाबिर्ये उडून गेली त्याला आज पाच आठवडे झाले. तू सांत्वनाच्या चिठ्ठीत 'मेली' असं लिहिलंस. जुळ्यातल्या कुणाबद्दल आपल्यात असं म्हणत नाहीत, ते उडून जातं, एवढं तरी कंपालात राहून विसरू नये. आईने ती चिठ्ठी चुलीत घातली. मला तर तुझं अक्षर बघूनच रडू येत होतं.

आता कामाचं. फेब्रुवारीत आम्ही दोघी तुझ्या स्टुडिओत येऊन बारा गाणी म्हणून गेलो, ते रेकॉर्डिंग पाठव. अठ्ठावीस ऑगस्टला घरातून मृत्यू हाकलायचा विधी ठरलाय. सगळं कुळ येणार. तोवर तो ओसरीवर ठाण मांडून बसणार, आणि आम्ही त्याला ओलांडून ये-जा करणार. आईचं म्हणणं, त्या दिवशी अंगणात दोघींचा आवाज वाजला पाहिजे. जुळ्यांची आई म्हणून अख्खं बेट तिला 'नालोंगो' म्हणतं, आता तिला एकच मुलगी दिसते, निदान ऐकू तरी दोघी याव्यात.

पण त्याआधी मला ऐकायचंय. घरात तिचे फोटो आहेत, कपडे आहेत, चपला आहेत, आवाज मात्र कुठेच नाही. मी मोठ्याने बोलले की तो थेट तिच्यासारखा वाटतो. म्हणून हल्ली मी घरात बोलत नाही.

तुझी ताई,
नाकातो


काटवे, कंपाला
२५ एप्रिल

नाकातो ताई,

चूक झाली. आईनेही कान उपटले. नालोंगो मावशीला माझ्या वतीने गुडघे टेकून नमस्कार सांग.

रेकॉर्डिंग माझ्याकडे नीट आहे, काळजी करू नकोस. पण ते अजून साफ करायचंय. तुला वाटतं गाणं म्हटलं आणि झालं, पण त्यानंतर माझं खरं काम सुरू होतं. त्यात वीज आठवड्यातले चार दिवस जाते. शेजारच्या वर्कशॉपवाल्यांनी आता पेट्यांसोबत लोखंडी दारंही ठोकायला घेतलीत, त्यांचा हातोडा थांबेल तेव्हा माझं काम. हाजीसाहेबांनी तीन लग्नांचे बँड एकदम घेऊन ठेवलेत. स्टुडिओ त्यांचा, तेव्हा माझं काही चालत नाही.

होडीबरोबर साखर, साबण आणि आईने केलेलं शेंगदाण्याचं कूट पाठवतोय. शाळेतल्या पोरांना माझ्या वाटचं ओरडू नकोस.

मुकीबी


बुकासा
१६ मे

मुकीबी,

साखर मिळाली. साबण मिळाला. सबबीही मिळाल्या, मोजून चार. सीडी मिळाली नाही.

मी वर्गात रोज सत्तर पोरांची तोंडं बघते. गृहपाठ केलेला नसताना वही घरी विसरलेला पोरगा मला दारातूनच ओळखता येतो. तुझं पत्र तसलं आहे.

साफ नको करूस. खोकला असेल तर खोकल्यासकट पाठव. चर्चच्या फादरकडे बॅटरीवर चालणारा सीडी प्लेयर आहे, तो त्यांनी द्यायचं कबूल केलंय. बारावं गाणं कुठलं ते त्यांना सांगितलेलं नाही. जुळ्यांच्या बारशाला आपल्या बायका काय काय चावट गातात हे फादरना कळलं तर प्लेयर परत नेतील.

गंमत करतेय, पण पुढच्या होडीने सीडी आली नाही तर मी स्वतः येईन आणि तुझ्या त्या काचेच्या खोलीसमोर उभी राहीन.

नाकातो


काटवे
३० मे

ताई,

सोबत सीडी आहे. पहिली चार गाणी फार सुरेख आली आहेत, तेवढीच ऐक. पुढची अजून झालेली नाहीत, ती ऐकू नकोस. मी सांगतो म्हणून तरी ऐकू नकोस. विधीच्या आत सगळी नीट करून देतो.

मुकीबी


बुकासा
१९ जून

मुकीबी,

ऐकू नकोस म्हटल्यावर कुणी ऐकायचं थांबतं का? तुझ्याएवढा घोडा झालेल्याला हे कळू नये?

शाळेच्या खोलीत आम्ही नऊजणी होतो, चर्चमध्ये आमच्याबरोबर गाणाऱ्या सगळ्या. एकटीने ऐकायचं ठरवलं होतं, पण प्लेयर हातात आल्यावर भीती वाटली, म्हणून त्यांना बोलावून घेतलं. पहिलं गाणं लागलं आणि सगळ्या रडल्या. मी रडले नाही. मला इतका आनंद झाला होता की लाज वाटली. ती माझ्या उजव्या हाताला उभी आहे असंच वाटत होतं.

चौथ्या गाण्यापासून काहीतरी खुपायला लागलं. कोपऱ्यातली एकजण म्हणाली, बॅटरी उतरली असेल. बॅटरी बदलली. सातव्यात मला नीट कळलं. आठव्यात सगळ्यांना कळलं. बाबिर्ये मागे पडत होती. मी शब्द उचलते आणि तो तिच्या तोंडून नंतर येतो, शेजारच्या खोलीतून कुणी माझ्या मागून म्हणावं तसा. आमच्या हातातले भोपळ्याचे खुळखुळे तू वेगळे घेतले होतेस ना? माझा वाजतो आणि मग तिचा वाजतो. आधी माझा, मग तिचा. बाराव्या गाण्यापर्यंत मी पुढे निघून गेलेली असते आणि ती लांबून येत असते. ते गाणं लागलं की बायका पोट धरून हसतात. परवा एकही हसली नाही. एकजण हळूच म्हणाली, "तेव्हाच निघाली होती ती." मी प्लेयर बंद केला.

मुकीबी, ती माझ्याआधी जन्मली. आधी चालली, आधी शाळेत गेली, आधी तिचं लग्न झालं. गाण्यात पहिला सूर कायम तिचा, मी तिच्या तोंडाकडे बघून सुरू करायची. जन्मभर मी तिची पाठ बघत आले. त्या बेचाळीस मिनिटांत ती पहिल्यांदा माझ्या मागे गेली, आणि मी वळून बघितलं नाही.

त्या दिवशी होडीतच ती म्हणाली होती, "दमल्यासारखं वाटतंय गं." मी म्हटलं, "नाटकं करू नकोस, भाडं दिलंय." मग तुझ्याकडे येऊन मीच हट्ट धरला की मध्ये थांबायचं नाही, सगळी एका दमात म्हणून टाकू, नाहीतर ही गप्पा मारत बसेल. तुला आठवत असेल. तिच्या हृदयाचं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, हे मला ती गेल्यावर कळलं. तीन आठवड्यांत गेली. मी तिला ओढत नेलं आणि तुझ्या यंत्राने ते लिहून ठेवलं.

आईला सांगितलंय की अठ्ठावीस ऑगस्टला मी विधीच्या चटईवर बसणार नाही. जुळ्यातली एक उरलेली असेल तर तिच्याशिवाय विधी होत नाही, हे मला माहीत आहे. होऊ नये. मृत्यू घरातच राहू दे, मीच त्याला आत आणलाय.

ते रेकॉर्डिंग पुसून टाक.

नाकातो


काटवे
२७ जून

ताई,

पत्र वाचलं. पुसणार नाही. ऐक, नीट ऐक. यात तुझा काडीचाही दोष नाही. दोष माझा आहे आणि तो मी दोन महिने लपवत होतो.

माझ्या कॉम्प्युटरमध्ये आवाज घेणारी दोन कार्डं आहेत. एका कार्डात दोनच माइक लागतात. मला चार हवे होते, तुम्हा दोघींच्या गळ्यांसाठी दोन आणि खुळखुळ्यांसाठी दोन. म्हणून एका कार्डावर तू आणि दुसऱ्यावर बाबिर्ये, असं केलं. आता प्रत्येक कार्डात गारेएवढा एक स्फटिक असतो, ते त्याचं घड्याळ. तो सेकंदाला चव्वेचाळीस हजार वेळा मोजतो आणि दर मोजणीला आवाजाचा एक कण उचलतो. जगातली कुठलीही दोन घड्याळं अगदी सारखी चालत नाहीत. म्हणून दोन कार्डांमध्ये एक बारीक तार जोडतात आणि दुसऱ्या कार्डाला सांगतात, तुझं घड्याळ राहू दे, पहिल्याच्या ठोक्यावर मोज.

तार मी जोडली होती. पण त्या दिवशी सकाळी वीज गेली, आठवतं? तुम्ही बाहेर केळी खात बसला होतात. वीज आली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला आणि दुसरं कार्ड गपचूप आपल्या घड्याळावर परत गेलं. ते पुन्हा सांगावं लागतं. मी सांगितलं नाही. सुरुवातीला तुमच्यासमोर एक टाळी वाजवली, ती दोन्हीकडे बरोबर एकत्र आली, आणि मी खूश. अशी टाळी शेवटीही घ्यायची असते, तेव्हा चोरी पकडली जाते. ती मी घेतली नाही.

बाबिर्येचं कार्ड जरासं भरभर मोजत होतं. भरभर मोजलं म्हणून कण जास्त झाले, कण जास्त म्हणून वाजवताना वेळ जास्त लागतो. म्हणजे ज्या कार्डाने घाई केली तेच मागे पडलेलं ऐकू येतं. बेचाळीस मिनिटांत पाव सेकंद. फक्त पाव सेकंद, ताई. यंत्राने ते केलं, तिने नाही.

एप्रिलमध्येच मला कळलं होतं. हाजीसाहेबांनी दारातून ऐकलं आणि चहा टाकून निघून गेले. म्हणाले, उडालेल्या जुळ्याचा आवाज घरात ठेवू नये, पूस. लग्नाच्या बँडवाल्यांना कुणी सांगितलं कोण जाणे, त्यातला एकजण आता दुसऱ्या माइकसमोर उभाच राहत नाही. मला हसू यायला हवं होतं. मी कारण जाणतो, तरी दुपारी एकटा असताना ते बारावं गाणं लावलं की मान आपोआप मागे वळते.

हे दुरुस्त करता येतं. तिचा आवाज केसभर आवळायचा, की दोघी पुन्हा शेजारी. तसं करून पाठवू का?

मुकीबी


बुकासा
१४ जुलै

मुकीबी,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोरगा चांगला आहे." चांगला आहेसच. म्हणून तर विश्वास बसत नाही.

यंत्रवाल्यांकडे दोष द्यायला एक यंत्र कायम तयार असतं. तेही मी मानलं असतं, पण मग तू लिहिलंस की दुरुस्त करून पाठवतो. म्हणजे तुला तिला हवं तिथे ठेवता येतं, मागे आणि पुढे. मग उद्या तू पाठवलेल्या सीडीत ती माझ्या शेजारी उभी असली तर मी काय समजू? ती तशी गायली, की तू तिला तशी उभी केलीस? तुझ्या यंत्राला दोघींपैकी नेमकी आजारी असलेलीच मागे टाकायला सापडली, हे तू मला पटवून दे.

आई रोज संध्याकाळी ओसरीवर दोन चटया घालते आणि मी त्या उचलते. कुळाच्या वडीलधाऱ्यांनी दोनदा माणूस पाठवला. काल आई म्हणाली, "मी दोघींना एकाच दिवशी जन्म दिला, दोघींना एकाच वर्षी घालवू का?" पण खोटं मनाशी धरून त्या चटईवर बसणं मला जमणार नाही. तिथे बसून कुळासमोर सांगावं लागतं की जाणाऱ्याचं आपल्याशी काही राहिलेलं नाही. माझं राहिलंय.

तुझ्याकडे दाखवण्यासारखं काही असेल तर दाखव. समजूत काढणारं नको. ते फादर काढतात, रोज.

नाकातो


काटवे
३१ जुलै

ताई,

दाखवण्यासारखं आहे. ते एप्रिलपासून आहे. सोबतची सीडी तीच.

माइकला भिंती नसतात. बाबिर्येच्या माइकने तिचा आवाज घेतला, पण दोन हात अंतरावर उभी असलेली तूही त्यात शिरलीस, लांबून, बारीक. त्या माइकमध्ये जे आलं ते सगळं एकाच कार्डाने, एकाच घड्याळाने मोजलं. त्यात कुणी मागेपुढे झालेलं ऐकू आलं तर तुम्ही खरंच तशा गायलात. त्यात मी काही आवळलेलं नाही, सैल केलेलं नाही. फक्त बाबिर्येचा माइक, पहिल्या टाळीपासून शेवटपर्यंत, बेचाळीस मिनिटं सलग.

आधी तुझा माइक पाठवणार होतो, ते माझ्या सोयीचं होतं. पण तू गळा काढून गातेस, तुझ्या माइकमध्ये ती बुडून जाते. बाराव्या गाण्यात तर सापडतच नाही. बाबिर्ये मऊ गायची, म्हणून तिच्या माइकमध्ये तू शेवटपर्यंत सापडतेस.

आता पुढचं. हे लिहिण्याआधी मी दोन दिवस त्या सीडीकडे बघत बसलो.

नववं गाणं संपल्यावर शेजारचे हातोडे सुरू झाले आणि तू त्यांना झापायला बाहेर गेलीस. मी रेकॉर्डिंग चालूच ठेवलं होतं. ती दोन मिनिटं या सीडीत आहेत. ती मला कापता आली असती. पण एका जागी जरी कापलं तरी तू म्हणशील, तुकडे जोडून दिलेत. तुला पटायचं तर ते सलगच हवं. आणि सलग दिलं तर तुला ते ऐकू येणार. म्हणून सबबी केल्या, ताई. कार्डांची चूक कबूल करायला मला लाज वाटत होती हे खरं, पण त्या चुकीमागे ही दुसरी झाकली जात होती.

त्या दोन मिनिटांत तिचा श्वास आहे. फुटक्या भात्यासारखा. मग ती मला म्हणते, "मुकीबी, ते स्टूल सरकव रे इकडे." मी आत येतो. मी म्हणतो, "ताई, तुझे ओठ निळे दिसतायत. थांबूया." ती म्हणते, "थांबलास तर याद राख. तीनच राहिलीत. नाकातोला कळलं तर ती मला खांद्यावर टाकून हॉस्पिटलात नेईल आणि हे कायमचं राहील. ती आत यायच्या आत स्टूल उचल." मग थोडा वेळ नुसता श्वास.

मग मी म्हणतो, "बरं."

तिने मला गप्प बसवलं असं मी सांगू शकलो असतो. मी तिच्याहून बारा वर्षांनी लहान, तिचा शब्द कसा मोडणार, असंही. पण तुला खरं हवंय. त्या खोलीत तसा आवाज मला आधी कधी मिळाला नव्हता. नऊ गाणी झाली होती, एकही सूर वाया गेला नव्हता आणि मला उरलेली तीन हवी होती. तिच्याइतकीच मलाही हवी होती. म्हणून मी स्टूल उचललं. गाणी संपल्यावर ती भिंतीला टेकून खाली बसली आणि हसत राहिली. तिच्याकडे बघून माझ्याच्याने शेवटची टाळी वाजवली गेली नाही.

तू तिला ओढलं नाहीस. तिला कुणी ओढलंच नाही. पण एका माणसाला माहीत होतं आणि तो मी.

मुकीबी


बुकासा
१५ ऑगस्ट

मुकीबी,

आधी तुझं पत्र वाचलं आणि सीडी चार दिवस उशीखाली ठेवली. मग एकटीने लावली. या वेळी कुणाला बोलावलं नाही.

तिचा आवाज अगदी कानाशी आहे आणि त्याच्या पाठीमागे, पार लांब, मी आहे. मी बाराही गाण्यांत बोटाने बाकावर ताल धरला. ती पुढे नाही, मी पुढे नाही. बाराव्यातही नाही. त्या चावट ओळीवर आम्ही दोघी एकाच क्षणी हसू दाबतो, ते ऐकलंस का? मी विसरले होते. तेव्हा कुठे मला रडू आलं. मार्चपासून आलं नव्हतं असं, पोटातून.

मग परत मागे जाऊन ती दोन मिनिटं ऐकली. पहिल्यांदा मी ती पुढे ढकलली होती. त्यात मीही आहे, तू लिहिलं नाहीस. लांब रस्त्यावर माझं ओरडणं ऐकू येतं. "माणसं आहात की कोण? आत माझी बहीण गातेय!" त्याच वेळी आत माझी बहीण श्वास शोधतेय. तू ते मुद्दाम लिहिलं नाहीस हे मला कळलं. पण इथून पुढे मला काय लिहायचं आणि काय नाही, ते तू ठरवू नकोस.

तीन दिवस तुला शिव्या दिल्या. होडीवाल्याने विचारलं, कुणाशी भांडताय? तू 'बरं' म्हणालास तिथे मी काय म्हटलं असतं, ते मला चांगलं माहीत आहे. खांद्यावर टाकून नेलं असतं. ती वर्षभर माझ्याशी बोलली नसती, पण जगली असती कदाचित. कदाचित नसतीही. डॉक्टरांनी तिला जानेवारीतच सांगितलं होतं, म्हणूनच ती त्या तीन गाण्यांसाठी तुझ्यावर डोळे वटारत होती. मी तुला माफ केलंय असं लिहिणार होते. लिहून बघितलं, खोटं वाटलं, खोडलं. कधीतरी होईल. आज झालेलं नाही.

पण चटईवर मी बसणार आहे. परवा संध्याकाळी आईने दोन चटया घातल्या आणि मी उचलल्या नाहीत. तिने आत जाऊन मातोके, आपली हिरवी केळी, शिजायला टाकले, तिघींना पुरतील इतके.

आईला सगळं वाचून दाखवलं, तुझं 'बरं'सुद्धा. ती म्हणाली, मृत्यूला हाकलायचं तर तो कुठल्या दाराने आला ते घरच्यांना आधी ठाऊक असलं पाहिजे. म्हणून आता तुझं काम सांगते. दोघींना दुरुस्त कर. आता मला माहीत आहे की ती तशीच गायली, तेव्हा आवळ केसभर आणि शेजारी आण. बाराही गाणी आण, चावटही, फादर काय म्हणायचं ते म्हणोत. आणि नवव्यानंतरची ती दोन मिनिटं कापू नकोस. तिचा श्वास राहू दे, तुझं बोलणं राहू दे, बाहेरचं माझं ओरडणंही राहू दे.

अठ्ठावीसला सकाळच्या होडीने ये. यंत्र तू लावायचंस. कुळातली माणसं अंगणात असतील, आई समोर असेल, मी चटईवर. काही जण तुझ्याकडे बघतील, काही माझ्याकडे.

ती दोन मिनिटं वाजतील तेव्हा या वेळी मी उठून बाहेर जाणार नाही. तूही जाऊ नकोस.

नाकातो